बहिणीच्या लग्नाआधी हाती आलेला जनुकीय अहवाल: स्वादुपिंडाच्या संशोधनातलं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातलं गाव, वयं आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. रुग्ण मुलगी आणि तिची धाकटी बहीण या दोघींच्या संमतीने हे लिहीत आहे. आमचा विभाग महाराष्ट्रातल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयात पोटविकारांवर उपचार करतो आणि स्वादुपिंडाच्या जुनाट दाहावर संशोधनही करतो. स्वादुपिंड म्हणजे जठरामागची, पाचक रस आणि इन्सुलिन बनवणारी ग्रंथी. उपचार करणारे आणि संशोधन करणारे हात एकच असले की काय पेच पडतो, हे या प्रकरणात जितकं स्पष्ट दिसलं तितकं क्वचितच दिसतं.

पार्श्वभूमी

मुलगी मराठवाड्यातल्या शेतकरी घरातली, आमच्याकडे आली तेव्हा २३ वर्षांची, वजन ३७ किलो. पोटाचं दुखणं तेराव्या वर्षापासून. बेंबीच्या वर दुखायला लागायचं, कळ पाठीत जायची, आणि ती उशी पोटाशी दाबून पुढे वाकून बसायची. गावात आधी जंतांचं औषध मिळालं, मग पित्ताचं. तालुक्याच्या ठिकाणी दुर्बिणीची तपासणी झाली. जठर स्वच्छ निघालं. जठर स्वच्छ म्हणजे पोटात काही नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि 'परीक्षेचं टेन्शन' हे निदान घरात रुळलं.

एकोणिसाव्या वर्षी साखर चारशेच्या पुढे गेली. वय कमी, अंगकाठी बारीक, म्हणून टाइप १ मधुमेह ठरला आणि इन्सुलिन सुरू झालं. इथे एक खूण होती, ती निसटली. पैशांअभावी इन्सुलिनचा खंड पडायचा, साखर वाढायची, पण टाइप १ मध्ये रक्त आम्लधर्मी होऊन रुग्ण बेशुद्धीकडे जातो तसं तिचं कधी झालं नाही. उलट डोस जरा जास्त झाला की साखर एकदम खाली कोसळायची. स्वादुपिंडच निकामी होतं तेव्हा इन्सुलिनबरोबर ग्लुकागॉनही कमी पडतं. साखर सावरून धरणारं तेच संप्रेरक. अशा मधुमेहाची वागणूक वेगळी असते आणि त्याचं नावही वेगळं आहे, टाइप ३-सी.

दुसरी खूण तिला स्वतःला ठाऊक होती, पण कुणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितली नाही. चरबी न पचल्याने शौच तेलकट व्हायची, भांड्याला चिकटायची, पाणी ओतलं तरी जायची नाही, वास उग्र. तरण्या मुलीने पुरुष डॉक्टरांसमोर हे आपणहून सांगावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवा आणि तो साध्या मराठीत विचारायला हवा.

निदान झालं ते योगायोगाने. पाय घसरून पडली म्हणून कमरेचा एक्स-रे काढला, तर मणक्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे खडे. ते मूत्रपिंडात नव्हते, स्वादुपिंडात होते. तिथून ती आमच्याकडे आली. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाची मुख्य नळी फुगलेली, डोक्याच्या भागात मोठे खडे, बाकीची ग्रंथी सुकत चाललेली. स्वादुपिंडातून येणारं इलॅस्टेज हे एन्झाइम शौचात फारच कमी. जुनाट दाहाची नेहमीची कारणं दिसत नव्हती. दारूचा प्रश्नच नव्हता. पित्ताशयात खडे नव्हते, रक्तातलं कॅल्शियम आणि चरबी ठीक होती.

दुखण्यासाठी काय करायचं यावर विभागात चर्चा झाली. ध्वनिलहरींनी खडे फोडून एंडोस्कोपीने नळी मोकळी करणं हा एक मार्ग होता, थेट शस्त्रक्रिया हा दुसरा. नेदरलँड्समधल्या ८८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं १८ महिन्यांच्या पाठपुराव्यात सरासरीने कमी राहिलं होतं. मुलगी ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकावर दिवस काढत होती, खडे मोठे होते आणि एंडोस्कोपीसाठी पुन्हा पुन्हा शहरात येणं तिला परवडणारं नव्हतं. फ्रे पद्धतीची शस्त्रक्रिया ठरली. तीत डोक्याचा खड्यांनी भरलेला गाभा काढतात, नळी लांब उघडतात आणि लहान आतड्याचा भाग तिला जोडतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ती झाली. जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल मात्र पदरमोड करूनच घ्याव्या लागल्या. आजही तसंच आहे.

संशोधनाचा भाग

दारू न पिणाऱ्या तरुण माणसांना होणारा, खडे आणि मधुमेहापर्यंत जाणारा हा आजार उष्ण कटिबंधात खूप आधीपासून माहीत आहे. इंडोनेशियातून झुईदेमा यांनी १९५९ मध्ये त्याचं वर्णन केलं. केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी त्यानंतरच्या दशकात शेकडो रुग्ण नोंदवले. कुपोषण आणि नीट न शिजवलेला टॅपिओकाचा कंद यांच्यावर तेव्हा संशय होता. टॅपिओका न खाणाऱ्या प्रदेशांतही आजार सापडत गेला तसा हा सिद्धांत मागे पडला.

मुलीच्या आईने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "उपासाचा साबुदाणा लई खायची ही. त्यानं झालं का?" साबुदाणा टॅपिओकाच्याच पिठीचा, त्यामुळे प्रश्न अडाणीपणाचा अजिबात नव्हता. पण संशय होता तो कच्च्या कंदातल्या सायनाइड तयार करणाऱ्या घटकांवर, आणि पिठी काढताना ते बहुतांश धुऊन जातात. साबुदाण्याने हा आजार होतो याला आधार नाही. हे आम्ही आईला नीट बसून सांगितलं, कारण दहा वर्षं ती मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत होती.

आज आपण जनुकांकडे जास्त पाहतो. प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात बनतं आणि आतड्यात गेल्यावर जागं होतं. ते ग्रंथीतच जागं झालं तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. १९९६ मध्ये पीआरएसएस-१ या जनुकातला बदल वंशपरंपरागत स्वादुपिंडदाहाच्या कुटुंबांमध्ये सापडला. अवेळी जाग्या झालेल्या ट्रिप्सिनला आवर घालणारं प्रथिन स्पिंक-१ या जनुकातून बनतं. त्यातल्या बदलांचा या आजाराशी असलेला संबंध २००० मध्ये पुढे आला. २००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी दाखवलं की भारतातल्या खडेवाल्या स्वादुपिंडदाहाशी ठळक नातं आहे ते स्पिंक-१ मधल्या बदलाचं, पीआरएसएस-१ चं नव्हे.

आमचा अभ्यास याच धाग्यावरचा. मुलीने शस्त्रक्रियेआधी संमतीपत्रावर सही केली आणि रक्त दिलं. संमतीपत्रात एक ओळ होती: संशोधनातले निष्कर्ष वैयक्तिकरीत्या कळवले जाणार नाहीत. अशी ओळ त्या काळच्या बहुतेक संमतीपत्रांत असायची. नमुन्यांवर सांकेतिक क्रमांक होते आणि नावांची यादी फक्त मुख्य संशोधकाकडे होती.

काही महिन्यांनी तिच्या क्रमांकाचा निकाल आला. स्पिंक-१ मधला एन-३४-एस हा बदल दोन्ही प्रतींवर. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून.

प्रश्न कुठे उभा राहिला

निकाल तक्त्यात गेला आणि तिथेच राहिला असता. पण नंतरच्या तपासणीला आई सोबत आली आणि आहारतज्ज्ञ ताईंशी बोलता बोलता म्हणाली, की धाकटीचं जमतंय, आत्याच्याच घरी देतोय, दिवाळीनंतर साखरपुडा. ताईंनी ते सहज आमच्या कानावर घातलं. मग आम्ही वंशावळ काढली. खरं तर ती पहिल्या दिवशीच काढायला हवी होती. घरात कुणाला मधुमेह आहे का हे विचारलं गेलं होतं. आईवडील नात्यातले आहेत का, हे केसपेपरवर कुठेच नव्हतं.

नातं असं निघालं. वडिलांचं लग्न त्यांच्या सख्ख्या मामाच्या मुलीशी झालेलं. म्हणजे मुलीची आजी हीच तिच्या आईची आत्याही. बदल बहुधा आजीच्या माहेरच्या पिढीतून खाली आलेला, एका बाजूने आजीकडून वडिलांपर्यंत, दुसऱ्या बाजूने आजीच्या भावाकडून आईपर्यंत. आता धाकटीचं लग्न आत्याच्या मुलाशी, म्हणजे आजीच्याच नातवाशी.

ढोबळ हिशेब असा. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे दोघांचीही एकेक प्रत बदललेली, म्हणून धाकटीकडून बदल पुढे जाण्याची शक्यता दोनात एक. आत्या आजीची मुलगी, ती वाहक असण्याची शक्यता दोनात एक. तिचा मुलगा वाहक असण्याची चारात एक, आणि त्याच्याकडून बदल पुढे जाण्याची आठात एक. दोन्ही गुणले की होणाऱ्या मुलाला दोन्ही प्रती बदललेल्या मिळण्याची शक्यता सोळात एक. धाकटीने नात्याबाहेर लग्न केलं तर? सर्वसाधारण लोकांत या बदलाचे वाहक शंभरात एक-दोन असतात. दोन धरले तरी शक्यता दोनशेत एकच्या आसपास येते.

या आकड्यांच्या बरोबरीने दुसरी बाजूही मांडायला हवी. एकच प्रत बदललेली असणाऱ्या बहुसंख्य माणसांना आयुष्यभर काहीही होत नाही. दोन्ही बदलल्या असल्या तर धोका बराच वाढतो, पण तेव्हाही आजार होईलच असं नाही. झालाच तर कुठल्या वयात आणि किती तीव्र, हेही सांगता येत नाही. आणि आज निरोगी असलेल्या माणसाला हा आजार टाळण्याचं औषध नाही. दारू आणि तंबाखूपासून दूर राहा, पोट सतत दुखलं तर अंगावर काढू नका, एवढंच सांगता येतं.

म्हणजे हातात होती ती अर्धवट माहिती. आणि ती एका घराच्या लग्नाच्या बोलण्यांमध्ये जाऊन पडणार होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गप्प राहण्याचा. संमतीपत्रात तसं लिहिलं होतं आणि मुलीने त्यावर सही केली होती. गटातल्या काही सहकाऱ्यांचं मत ठामपणे याच बाजूचं होतं आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. संशोधनातला निकाल हा तपासणीचा अहवाल नसतो. नमुना बदलला जाऊ शकतो, क्रमांक चुकू शकतो. शिवाय सामाजिक परिणाम एकाच बाजूला झुकतात. मुलीच्या घरात 'दोष' निघाला ही बातमी गावात फिरली तर दोन्ही बहिणींची लग्नं अडतात, आत्याच्या मुलाचं काही अडत नाही.

दुसरा पर्याय, उपचार करणारे डॉक्टर म्हणून आईवडिलांना बोलावून सरळ सांगून टाकणं. लवकर झालं असतं. पण निकाल मुलीचा होता, ती सज्ञान होती, आणि तिच्या आधी तिच्या आईवडिलांना सांगणं म्हणजे तिच्या शरीराबद्दलचा निर्णय तिला वगळून घेणं.

तिसरा, जनुकाचं नाव न काढता नात्यातल्या लग्नाविरुद्ध मोघम सल्ला देणं. हा सर्वांत सोयीचा होता आणि मला सर्वांत नापसंत. मराठवाड्यात, दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. डॉक्टर मोघम बोलले की घरचे मान डोलावतात आणि ठरलेलं करतात. वर आपण खरं कारण दडवलेलं असतं.

चौथा, नैतिक समितीकडे जाऊन परवानगी घेणं, मुलीला आधी फक्त 'जाणून घ्यायचं आहे का' एवढंच विचारणं, ती हो म्हणाली तर नवा नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत खातरजमा करणं, आणि मग समुपदेशकासह बोलणं. यात वेळ जाणार होता. दिवाळी तोंडावर होती.

आम्ही चौथा निवडला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये जनुकीय संशोधनासाठी समुपदेशन आणि गोपनीयतेवर भर आहे. त्यांचा आधार मिळाला, पण मन वळलं ते त्याने नाही. सोळात एक आणि दोनशेत एक यांतला फरक एखाद्या मुलीच्या आयुष्याच्या निर्णयात येऊ शकतो, आणि तो फक्त आम्हाला माहीत आहे, ही गोष्ट मला सहन होण्यासारखी नव्हती.

काय केलं

समितीने तातडीची बैठक घेतली. समितीतल्या सामाजिक कार्यकर्त्या सदस्याने एक अट घातली, आणि पुढचं सगळं त्या अटीमुळे नीट झालं. मुलीला विचारताना लग्नाचा विषय आपण काढायचा नाही. ते कारण आधी सांगितलं तर 'नाही' म्हणण्याचं स्वातंत्र्य उरत नाही.

तपासणीच्या दिवशी समुपदेशक ताईंनी तिला एकटीला विचारलं, की तुझ्या रक्तातून आजाराच्या कारणाबद्दल काही कळलंय, ते जाणून घ्यायचं की नाही हे तू ठरव, नाही म्हणालीस तरी उपचारात काही बदलणार नाही. ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "मला सांगा. पण आधी मला एकटीलाच. आमच्या घरात कुठलीबी गोष्ट आधी बाकीच्यांला कळती, मग मला."

नवा नमुना घेतला, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला. तोच निकाल आला. ताईंनी कागदावर वंशावळ काढून समजावलं. बहिणीचा विषय मग तिनेच काढला. कागदावरची आत्याकडे जाणारी रेघ बोटाने दाखवत तिने विचारलं, "मग हिकडं पण गेलं असंल का?"

पुढे कुणाला सांगायचं हे तिने ठरवलं. आधी बहिणीला, मग वडिलांना. आत्याला घरातल्यांनी सांगायचं, डॉक्टरांनी नाही.

धाकटी २० वर्षांची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्याशी बोलताना दोन प्रश्न वेगळे ठेवले. एक तिच्या स्वतःच्या तब्येतीचा. पोट दुखत नव्हतं, वजन ठीक होतं. सोनोग्राफी आणि साखर तपासली, दोन्ही चांगली. तिची जनुकीय तपासणी केली असती तरी आज तिच्या उपचारात काही बदललं नसतं. दुसरा प्रश्न होणाऱ्या मुलांचा.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे झाला. तपासणी आधी कुणाची करायची? सवयीने उत्तर येतं, मुलीची. तिच्याच घरात आजार आहे. पण गणित वेगळं सांगतं. धाकटी वाहक असण्याची किंवा दोन्ही प्रती बदललेल्या असण्याची शक्यता मिळून चारात तीन. तिची तपासणी केली तर बहुधा तिच्यावर शिक्का बसणार, आणि आत्याच्या मुलाची तपासणी तरीही करावी लागणार. मुलगा वाहक असण्याची शक्यता मात्र चारात एकच. त्याची आधी केली आणि तो वाहक नसला, तर होणाऱ्या मुलांना या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या मिळणारच नाहीत. धाकटीची तपासणी लग्नासाठी करण्याचं कारणच उरत नाही. ताईंनी हे मांडलं तेव्हा धाकटी लगेच म्हणाली, "मग त्याचीच करा."

वडिलांची भेट अवघड गेली. ते शांतपणे ऐकत होते, मग बायकोच्या माहेराबद्दल एक कडू वाक्य बोलले. ताईंनी त्यांच्यासमोर तोच कागद ठेवला आणि दोन्ही रेघा वरच्या एकाच जोडप्यापाशी कशा मिळतात ते दाखवलं. बायकोचं माहेर म्हणजे त्यांच्या आईचंही माहेर. ते बराच वेळ कागद बघत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं ते एवढंच, की बहिणीला हे कसं सांगायचं.

परिणाम

आत्या आधी चिडल्या. आमच्या पोराला कशाला तपासता, आजार तुमच्या घरात, असं त्यांचं म्हणणं पडलं. मुलगा मात्र स्वतः आला. त्याने धाकटीशी फोनवर बोलून घेतलं होतं. त्याची वेगळी संमती घेतली, वेगळं समुपदेशन झालं, निकाल फक्त त्यालाच कळवला जाईल हे आधी ठरवलं. तो वाहक नव्हता. ही बातमी दोन्ही घरांना त्याने स्वतः सांगितली.

साखरपुडा दिवाळीनंतर झाला नाही. धाकटीने नर्सिंग पूर्ण होईपर्यंत थांबण्याची अट घातली आणि या सगळ्या घडामोडीत तिचं म्हणणं पहिल्यांदाच ऐकलं गेलं. पुढच्या वर्षी लग्न झालं, त्याच मुलाशी. धाकटीने स्वतःची जनुकीय तपासणी आजपर्यंत केलेली नाही. तो तिचा हक्क आहे आणि केसपेपरवर आम्ही तसं स्पष्ट नोंदवलं आहे.

मोठीचं दुखणं शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ कमी झालं, ट्रॅमाडॉल सुटलं. वजन ४४ किलोवर गेलं. यात एन्झाइमचा वाटा मोठा आहे. सुरुवातीला ती कॅप्सूल जेवणाच्या तासभर आधी घेत होती, गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या असतात या समजुतीने. एन्झाइम अन्नात मिसळलं तरच काम करतं, म्हणून ते पहिल्या घासांबरोबर आणि जेवणाच्या मध्ये घ्यायचं. शिवाय कुणीतरी तिला तेल-तूप पूर्ण बंद करायला सांगितलं होतं. एन्झाइम पुरेसं मिळत असेल तर कुपोषित रुग्णाची चरबी तोडणं उलट नुकसान करतं. भाकरीवर तूप परत आलं. इन्सुलिनचा डोस कमी ठेवला आणि साखर फार काटेकोर राखण्याचा अट्टहास सोडला, कारण तिच्यासाठी खाली कोसळणारी साखर जास्त धोक्याची.

तिच्या स्वतःच्या लग्नाबद्दलही ती मोकळेपणाने विचारू लागली. तिच्या प्रत्येक मुलाला एक बदललेली प्रत नक्की मिळणार. जोडीदार नात्याबाहेरचा असेल तर दोन्ही प्रती बदललेल्या असण्याची शक्यता शंभरात एकच्या आसपास किंवा त्याहून कमी. हा आकडा तिने वहीत लिहून घेतला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आत्या आणि आई यांच्यात पूर्वीचा घरोबा राहिलेला नाही. वाहक नसल्याचा निकाल आला तरी 'तुमच्या घरातलं' हा शब्द मधूनमधून निघतोच.

काय वेगळं करता आलं असतं

निदान दहा वर्षं लांबलं, याची जबाबदारी एका कुणावर टाकण्यात अर्थ नाही. पण तेराव्या वर्षी, जठर स्वच्छ निघाल्यावर पोटाचा साधा एक्स-रे किंवा सोनोग्राफी झाली असती तर खडे कदाचित तेव्हाच दिसले असते. लहान वयात सुरू झालेलं, पाठीत जाणारं, पुन्हा पुन्हा येणारं दुखणं असेल तर दुर्बीण पुरेशी नाही. आणि बारीक अंगाच्या तरुण मधुमेही रुग्णाला दोन प्रश्न विचारायलाच हवेत: पोट दुखायचं का, आणि शौच तेलकट होते का.

संमतीपत्रातली ती ओळ बदलली. आता तिथे निवड आहे: आजाराच्या कारणाबद्दल काही कळलं तर मला सांगा, सांगू नका, किंवा तेव्हा पुन्हा विचारा. बहुतेक जण तिसरा पर्याय निवडतात आणि मला तो सर्वांत शहाणा वाटतो. रक्त देताना माणूस वेदनेत असतो, उपचाराच्या आशेवर असतो. त्या घडीला केलेल्या खुणेवर पुढची सगळी वर्षं बांधून ठेवणं रास्त नाही. पुन्हा विचारण्यासाठी माणूस आणि वेळ लागतो, आणि संशोधनाच्या अंदाजपत्रकात समुपदेशकाच्या पगाराची तरतूद क्वचित असते. ती नसेल तर जनुकीय अभ्यास सुरूच करू नये, असं माझं मत झालं आहे.

वंशावळ पहिल्याच भेटीत काढायची हेही आता ठरलं आहे, कागदावर, रुग्णासमोर. नात्यातल्या लग्नाचा प्रश्न दोष शोधल्यासारखा विचारला तर लोक लपवतात. घरातली माणसं मांडता मांडता आला तर सहज सांगतात.

वडिलांना आणि आईला एकत्र सांगायला हवं होतं का, यावर गटात अजून दोन मतं आहेत. मुलीची इच्छा आधी वडिलांना सांगण्याची होती आणि आम्ही ती पाळली. पण आईला ती गोष्ट नवऱ्याच्या तोंडून, अर्धी आणि दोषाच्या सुरात कळली. समुपदेशक ताईंना नंतर घरी फोन करून तिच्याशी स्वतंत्र बोलावं लागलं. रुग्णाचा शब्द मोडायचा नाही, हे पक्कं. पण तो शब्द घेण्याआधी तिला विचारता आलं असतं, की आईला हे कुणाकडून कळावं असं तुला वाटतं? हा प्रश्न आता समुपदेशनाच्या यादीत आहे.

जुन्या संमतीपत्रावर सही केलेल्या इतर रुग्णांना त्याच पद्धतीने विचारण्याची परवानगी समितीने दिली आहे आणि ते काम सुरू आहे. काहींचे पत्ते बदलले आहेत. काही मरण पावले आहेत, त्यांच्या नातेवाइकांना विचारायचं की नाही, यावर समितीचा निर्णय व्हायचा आहे.